दर्याची पदकं कोणाला मिळतात?

आज बचतीचा विषय नाही, कर्जाच्या हप्त्याचाही नाही. गेल्या काही बैठकांत मालवणकडच्या गटांतून एक प्रश्न सारखा येतोय. शिडाच्या होडीतून पृथ्वीला फेरी मारून आलेल्या मुलींचे फोटो मोबाईलवर फिरतात, त्यांना राष्ट्रपतींच्या हस्ते पुरस्कार मिळाल्याचं कळतं, आणि मग कोणीतरी म्हणतं, "आमचो घोव रोज दर्यात जाता, तेका कोण मेडल देता?" प्रश्न रास्त आहे. म्हणून आम्ही समन्वयकांनी बसून या पुरस्कारांची माहिती गोळा केली. ते कोण देतं, कशासाठी देतं, आणि आपल्या किनाऱ्यावरच्या बाईमाणसाचा त्यात कुठे संबंध येतो, ते आज सांगतो.

आधी एक शब्द समजून घेऊ : हौशी. इंग्रजीत अमॅच्युअर म्हणतात. पोटापाण्यासाठी समुद्रात जाणारा तो व्यावसायिक. आपला मच्छीमार, ट्रॉलरवरचा तांडेल, मालवाहू जहाजावरचा खलाशी हे सगळे व्यावसायिक. आणि ज्याला त्या फेरीचे पैसे मिळत नाहीत, मासळी मिळत नाही, माल पोहोचवायचा नाही, तरी जो शीड उभारून महासागर ओलांडतो तो हौशी. हौशी म्हणजे कच्चा असं मात्र समजू नका. भजनी मंडळातला एखादा पखवाजवाला पैसे घेत नाही, म्हणून तो कच्चा असतो का? तसंच हे.

हौशी दर्यावर्दींसाठी जगातलं एक जुनं आणि मानाचं पदक आहे, ब्लू वॉटर मेडल. अमेरिकेतला क्रूझिंग क्लब ऑफ अमेरिका हा क्लब ते १९२३ पासून देतो. निळं पाणी म्हणजे खोल समुद्र. किनाऱ्याजवळचं पाणी हिरवट-गढूळ असतं, तळ लागेनासा झाला की ते निळं होतं, हे आपल्याला काही शिकवायला नको. हे पदक कुठल्याही देशाच्या हौशी माणसाला मिळू शकतं. पहिलं पदक मिळालं आलँ जेर्बो या फ्रेंच माणसाला. तो १९२३ साली एकटाच जिब्राल्टरहून निघून १०१ दिवसांनी न्यूयॉर्कला पोहोचला. १९५५ साली ते एरिक आणि सुझन हिस्कॉक या इंग्रज नवरा-बायकोला मिळालं. छोट्या शिडाच्या बोटीतून दोघांनी तीन वर्षांत पृथ्वीप्रदक्षिणा केली होती. पदक दोघांच्या नावानं दिलं गेलं, नुसतं नवऱ्याच्या नावानं नाही, हे आम्हाला फार आवडलं. आपल्याकडे आजही होडीच्या कागदावर बाईचं नाव शोधावं लागतं.

या पदकाची आणखी एक गोष्ट. १९४० साली ते एका माणसाला न देता इंग्लंडच्या हौशी होडीवाल्यांना मिळून दिलं गेलं. युद्धात डंकर्कच्या किनाऱ्यावर अडकलेल्या सैनिकांना आणायला ते आपल्या छोट्या होड्या घेऊन गेले होते. म्हणजे पुरस्कार देणारे फक्त "किती लांब गेलास" एवढंच बघत नाहीत.

आता आपल्या देशाकडे येऊ.

जगाला शिडाच्या होडीतून फेरी मारणारे पहिले भारतीय म्हणजे लष्कराच्या 'तृष्णा' नौकेवरचे जवान. ती मोहीम १९८५ ते १९८७ या काळात झाली. पण एकट्यानं फेरी मारायचं स्वप्न पाहिलं ते एका मराठी नौसेनाधिकाऱ्यानं, व्हाइस अॅडमिरल मनोहर आवटी यांनी. १९७१ च्या युद्धात वीर चक्र मिळालेले हे आवटीसाहेब निवृत्तीनंतर फलटणजवळच्या विंचुर्णी गावात राहायला गेले. समुद्रापासून इतक्या लांब राहूनही त्यांच्या डोक्यातून समुद्र गेला नाही. भारतीय माणसानं भारतात बांधलेल्या होडीतून एकट्यानं जगाला फेरी मारावी, हा ध्यास त्यांनी सोडला नाही. ते २०१८ साली गेले.

होडी कुठे बांधली, ठाऊक आहे? आपल्या शेजारी. पणजीजवळ मांडवीत दिवाडी बेट आहे, तिथे रत्नाकर दांडेकर यांच्या अॅक्वेरियस शिपयार्डमध्ये. होडीला नाव दिलं 'म्हादेई', मांडवी नदीचंच दुसरं नाव. ५६ फूट लांब. तिच्यातून कमांडर दिलीप दोंदे १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून निघाले आणि वाटेत चार बंदरांना थांबून १९ मे २०१० रोजी परत मुंबईत आले. एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. त्यानंतर त्याच म्हादेईतून अभिलाष टॉमी १ नोव्हेंबर २०१२ रोजी निघाले आणि कुठेही न थांबता, कोणाचीही मदत न घेता, पाच महिन्यांनी परतले. दोंदेंना शौर्य चक्र मिळालं, टॉमींना कीर्ती चक्र.

इथे एक फरक सांगायला हवा. ही चक्रं सरकारची शौर्यपदकं आहेत, शांततेच्या काळातल्या पराक्रमासाठीची. अशोक चक्र सगळ्यांत वर, मग कीर्ती चक्र, मग शौर्य चक्र. ती हौशी खेळाची बक्षिसं नव्हेत. नौसेनेतला माणूस नोकरीत असतो, त्याला पगार चालू असतो, मग तो हौशी कसा, असं कोणी विचारेल. आमचं मत असं की शिडाच्या होडीतून फेरी मारणं हे त्याच्या नेमणुकीचं काम नसतं, त्यासाठी तो स्वतःहून पुढे येतो. तरीही हिस्कॉक पती-पत्नींनी स्वतःच्या पैशानं केलेली फेरी आणि नौसेनेचं पाठबळ असलेली फेरी यांत फरक आहे, तो लपवायचं कारण नाही. पाठबळामुळे होडी मिळते, शिक्षण मिळतं. लाट मात्र दोघांना सारखीच.

मग प्रदक्षिणा म्हणायची कशाला? त्याचे नियम कडक आहेत. जिथून निघाल तिथेच परत यायचं. पृथ्वीवर उभ्या काढलेल्या सगळ्या रेखावृत्तांना ओलांडायचं. विषुववृत्त निदान दोनदा ओलांडायचं. सुएझ किंवा पनामाच्या कालव्यातून जवळची वाट काढायची नाही. आणि एकूण अंतर २१,६०० सागरी मैलांपेक्षा कमी नको. हा आकडा कुठून आला? वर्तुळाचे अंश ३६०, प्रत्येक अंशाला ६० सागरी मैल, गुणाकार करा. म्हणजे पृथ्वीचा घेर. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर, म्हणजे ही सारी वाट सुमारे ४०,००० किलोमीटर. मालवणहून मुंबईला चाळीस वेळा जाऊन परत या, तेवढी.

याशिवाय तीन मोठी टोकं वळसा घालून पार करायची : ऑस्ट्रेलियाचं केप लिउविन, दक्षिण अमेरिकेचं केप हॉर्न आणि आफ्रिकेचं केप ऑफ गुड होप. यांतलं केप हॉर्न सगळ्यांत वाईट. पृथ्वीच्या त्या दक्षिणेकडच्या पट्ट्यात वाऱ्याला अडवायला जमीनच नाही, म्हणून वारा गोल गोल फिरत राहतो आणि लाटा वाढत जातात. तिथे जायचं तर उन्हाळ्यात, आणि त्यांचा उन्हाळा म्हणजे आपला पौष-माघ. म्हणून या मोहिमा आपल्याकडून ऑगस्ट ते नोव्हेंबरच्या दरम्यान निघतात. आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते आणि नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्यावर होड्या खऱ्या अर्थानं सुटतात, तोच हिशेब. ऋतू चुकला तर धाडस उपयोगी पडत नाही.

आता ज्या मुलींचे फोटो तुम्ही पाहिलेत, त्यांच्याकडे येऊ. म्हादेईची धाकटी बहीण म्हणजे 'तारिणी'. तीही दिवाडीतच बांधली, ५५ फूट, २०१७ च्या फेब्रुवारीत नौसेनेत आली. ओडिशातल्या तारा-तारिणी देवीवरून तिचं नाव ठेवलंय. ही देवी तिकडच्या दर्यावर्दींची रक्षणकर्ती. आपण समुद्रात जाताना रामेश्वराला गाऱ्हाणं घालतो ना, तशी.

१० सप्टेंबर २०१७ रोजी सहा जणी तारिणीतून गोव्याहून निघाल्या. कप्तान वर्तिका जोशी, सोबत प्रतिभा जामवाल, स्वाती पी., ऐश्वर्या बोड्डपाटी, विजया देवी आणि पायल गुप्ता. या कुठल्या आहेत ते नीट ऐका. वर्तिका आणि पायल उत्तराखंडच्या, प्रतिभा हिमाचलातल्या कुल्लूची, विजया मणिपूरची, ऐश्वर्या हैदराबादची. म्हणजे सहातल्या पाच जणींच्या गावाला समुद्रच नाही! फक्त स्वाती विशाखापट्टणमची, आपल्यासारखी किनाऱ्यावरची. बाकीच्या मोठेपणी शिकल्या. आणि इथे आपल्या वाड्यांमध्ये, दारात भरतीचं पाणी येतं तिथे, किती मुलींना पोहता येतं? मुलग्याला बाप सातव्या-आठव्या वर्षी होडीत घेतो. मुलीला सांगतो, घाटावर थांब, टोपली धर. मासळी विकण्यात, सुकवण्यात, जाळी निवडण्यात बाईचा हात असतो, पण सुकाणूवर नसतो. वाद नको म्हणून आम्ही बैठकीत हा विषय फार ताणत नाही. पण फोटो बघून टाळ्या वाजवताना हे मनात येतंच.

त्या सहा जणी २५४ दिवसांनी, २१ मे २०१८ रोजी परतल्या. त्यांतले सुमारे २०० दिवस पाण्यावर, बाकीचे बंदरांत. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, फॉकलंड बेटं, दक्षिण आफ्रिका अशी बंदरं घेतली. सात-सात मीटरच्या लाटा आणि वादळी वारा झेलला. शेवटच्या टप्प्यात सुकाणूची यंत्रणा बिघडली, म्हणून ठरलेलं नसताना मॉरिशसच्या पोर्ट लुईला जाऊन दुरुस्ती करावी लागली. हे त्यांनी लपवलं नाही आणि कोणी त्याला अपयशही म्हटलं नाही.

आमच्या बैठकीत बायकांनी विचारलेले प्रश्न वेगळेच होते. आंघोळ कशी? बोट लागली तर? पाळी आली की काय करत असतील? स्वयंपाक कोण करतं? उत्तर असं की सगळ्या सगळं करतात. होडी रात्रीही थांबत नाही. खोल समुद्रात नांगर टाकायला तळच लागत नाही, म्हणून चोवीस तास पाळ्या लावून जागं राहावं लागतं. एका पाळीतल्या जागतात, दुसऱ्या झोपतात. गोडं पाणी मोजून वापरायचं. बोट पहिले काही दिवस भल्याभल्यांना लागते. ओकारी झाली तरी पाळी चुकत नाही. शीड फाटलं तर सुई-दोरा घेऊन शिवायचं, इंजिन बिघडलं तर तेल-ग्रीसमध्ये हात घालायचे. बाईमाणसाला यातलं शिवणकाम तेवढं जमेल असं ज्यांना वाटतं, त्यांनी ही यादी पुन्हा वाचावी.

या सहा जणींना नौसेना पदक मिळालं, २०१७ सालचा नारी शक्ती पुरस्कार मिळाला, आणि तेनसिंग नोर्गे राष्ट्रीय साहस पुरस्कारही. नारी शक्ती पुरस्कार केंद्र सरकारचा, तो ८ मार्चला राष्ट्रपतींच्या हस्ते देत असत. तेनसिंग नोर्गे पुरस्कार मात्र आपण जास्त समजून घ्यायला हवा, कारण तो फक्त सैन्यातल्यांसाठी नाही. १९९३-९४ पासून हा राष्ट्रीय साहस पुरस्कार म्हणून सुरू झाला आणि पुढे एव्हरेस्टवीर तेनसिंग यांचं नाव त्याला मिळालं. जमिनीवरचं साहस, पाण्यावरचं साहस, हवेतलं साहस असे त्याचे विभाग आहेत आणि जन्मभराच्या कामगिरीसाठी एक वेगळा. त्याचा मान अर्जुन पुरस्काराच्या बरोबरीचा. २०२० पासून त्याची रक्कम १५ लाख रुपये आहे, आधी ५ लाख होती. तीन वर्षांतली कामगिरी बघतात, जन्मभराच्या पुरस्काराला अर्थातच सगळं आयुष्य.

तारिणीनं पुढे आणखी एक फेरी मारली. २ ऑक्टोबर २०२४ रोजी फक्त दोघी निघाल्या, केरळच्या कोझिकोडच्या दिलना के. आणि पुदुच्चेरीच्या रूपा ए. सहा जणींचं काम दोघींनी. एक झोपली की दुसरी होडीवर एकटीच. ३० जानेवारी २०२५ रोजी त्या पॉइंट नेमो नावाच्या जागेवरून गेल्या. प्रशांत महासागरातली ही जागा जमिनीपासून सगळ्यांत लांब आहे. कुठलाही किनारा धरा, निदान २,६०० किलोमीटर. आकाशातलं अंतराळ स्थानक तिथून जाताना फक्त ४०० किलोमीटर वर असतं, म्हणजे त्यांचे सगळ्यांत जवळचे शेजारी अंतराळवीर! २९ मे २०२५ रोजी त्या गोव्यात परतल्या. त्यांना शिकवणारे होते अभिलाष टॉमी. आणि त्याच वर्षी ११ सप्टेंबरला तिन्ही सैन्यदलांतल्या दहा जणी 'त्रिवेणी' नौकेतून मुंबईहून निघाल्या. त्यांच्या प्रमुख होत्या लेफ्टनंट कर्नल अनुजा वरुडकर. बाकीच्यांत दळवी आणि निकम ही आडनावंही होती, हे सांगितल्याशिवाय राहवत नाही.

पुरस्कार खरा कशाला मिळतो, हे कळायला एक जुनी शर्यत सांगतो. १९६८ साली इंग्लंडात गोल्डन ग्लोब नावाची शर्यत झाली. एकट्यानं, न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा. नऊ जण निघाले, पूर्ण करणारा एकच, रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन. त्याला ३१२ दिवस लागले. त्याची ३२ फुटांची सागवानी होडी 'सुहेली' आपल्या मुंबईत, आपल्या सुतारांच्या हातांनी बांधलेली होती. त्या सुतारांची नावं कोणत्या पदकावर नाहीत, पण होडी टिकली म्हणून पदक मिळालं.

त्याच शर्यतीत डोनाल्ड क्रोहर्स्ट नावाचा माणूस होता. होडी कच्ची, तयारी अपुरी, डोक्यावर कर्ज. परत फिरायची लाज वाटली म्हणून तो अटलांटिकमध्येच फिरत राहिला आणि आपण पुढे पुढे चाललोय अशा खोट्या जागा कळवत गेला. एक नोंदवही खरी, एक खोटी. १९६९ च्या जुलैत त्याची होडी रिकामी सापडली, माणूस नव्हता. घरी बायको आणि चार मुलं. नॉक्स-जॉन्स्टननं आपलं ५,००० पौंडांचं बक्षीस त्या कुटुंबाला देऊन टाकलं.

जहाजावरच्या या नोंदवहीला लॉगबुक म्हणतात. तारीख, वेळ, जागा, वारा, काय बिघडलं, काय केलं, सगळं त्यात रोज लिहायचं. कोणी साक्षीला नसलेल्या समुद्रात तेवढाच पुरावा. आपल्या गटाचं इतिवृत्त आणि खतावणी यापेक्षा वेगळी नाही. बैठक झालीच नाही आणि सह्या मात्र झाल्या, असं करणाऱ्या गटाचं पुढे काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे.

आणि परत फिरण्याचंही ऐका. ही शर्यत पन्नास वर्षांनी, २०१८ साली, पुन्हा भरवली. जुन्याच पद्धतीच्या होड्या, जुनीच साधनं, दिशा दाखवणारा उपग्रह वापरायचा नाही. अभिलाष टॉमी 'तुरिया' नावाच्या होडीतून उतरले, तीही गोव्यात सुहेलीच्या नमुन्यावर बांधलेली. हिंदी महासागरात वादळात डोलकाठी मोडली, पाठीला जबर मार लागला, हलता येईना. तीन दिवसांनी एका फ्रेंच मत्स्य-गस्ती जहाजानं त्यांना उचललं. बरे झाले आणि पुढच्या शर्यतीत पुन्हा उतरले. २०२३ च्या एप्रिलमध्ये ते दुसरे आले. पहिली कोण आली? दक्षिण आफ्रिकेची कर्स्टन नॉयशेफर, एक बाई. एकट्यानं जगप्रदक्षिणेची शर्यत जिंकणारी ती पहिली स्त्री, आणि तीसुद्धा वाटेत बुडालेल्या होडीतल्या दुसऱ्या स्पर्धकाला वाचवून.

आता सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर. रोज दर्यात जाणाऱ्या मच्छीमाराला हौशी पदक मिळणार नाही, कारण ते त्याच्यासाठी नाहीच. त्याच्यासाठी वेगळं काही असायला हवं असं आम्हालाही वाटतं, आणि ते मागायची जागा मच्छीमार सोसायटी आणि ग्रामसभा आहे. पण आपल्या मुलींसाठी दार उघडं आहे. मालवणच्या चिवला बीचवर डिसेंबरात सागरी जलतरण स्पर्धा होते, त्यात मुली उतरतात. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बायका स्वतः वल्हं मारून पर्यटकांना कांदळवन दाखवतात. तो व्यवसाय आहे, हौस नव्हे, पण होडीवर हात बसायला तो रस्ता चांगला.

कोणाची मुलगी पोहण्यात, होडीत, डायव्हिंगमध्ये काही मोठं करत असेल तर आधी राज्याचा शिवछत्रपती क्रीडा पुरस्कार बघा. त्यात साहसी उपक्रमांचा विभाग आहे, त्याची चौकशी ओरोसला जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात करायची. केंद्राच्या पुरस्कारांसाठी सरकारचं राष्ट्रीय पुरस्कार पोर्टल आहे, तिथे नामांकन ऑनलाइन भरतात. घरी जमत नसेल तर गावच्या सेवा केंद्रात बसून भरा. मुदत दरवर्षी वेगळी जाहीर होते, म्हणून वर्तमानपत्रावर लक्ष ठेवा.

कागद आतापासून जमवा. प्रत्येक स्पर्धेचं प्रमाणपत्र, तारखेसकट फोटो, आयोजकांचं पत्र, वर्तमानपत्रातलं कात्रण, सगळं एका फाइलमध्ये. आणि मुलीला एक वही द्या. कुठल्या दिवशी किती अंतर पोहली किंवा वल्हवली, वारा कुठला होता, भरती होती की सुकती, सोबत कोण होतं, हे तिनं त्याच दिवशी स्वतःच्या हातानं लिहायचं. ज्यांच्या गटात अशी मुलगी असेल त्यांनी आपल्या प्रभागाच्या समन्वयकाला कळवा, आम्ही फॉर्म भरताना सोबत बसू.